रोजचं एक वाक्य

६ जानेवारी

आलो एकदाचे नव्या घरात! आणि जिना नाही. आज जो भेटेल त्याला मी हेच ऐकवलं. जुनं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचं नाव नाही. तिथे ह्यांना न्यायचं म्हणजे चौघांनी खुर्चीसकट उचलावं लागलं असतं. इथे रस्त्यावरून थेट दारात आणि दारातून थेट पलंगापर्यंत. उंबरेसुद्धा नाहीत. चाकांची खुर्ची अशी सुळकन आत गेली की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

घर म्हणजे एकामागे एक चार खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीखाली माझं शिलाई मशीन, मधल्या खोलीत ह्यांचा पलंग, मग स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागे एक छोटी खोली. तिच्या खिडकीतून शेजारची भिंत दिसते, बाकी काही नाही. तिथे अडगळ ठेवायची असं ठरवलंय. कपाट हलवताना माझा भाऊ इतका कण्हत होता की हमालाने विचारलं, पेशंट नक्की कोणता. त्यावर हे हसले! मेंदूज्वराने आडवे झाले तेव्हापासून मी हे हसू पाहिलं नव्हतं. तोंड जरा एका बाजूला जातं, पण हसू ते हसू.

फाटकाला पाटी लावली: कपडे लहान-मोठे करून मिळतील. संध्याकाळपर्यंत दोन पँटी आल्यासुद्धा. आता हे बरे झाले की माझं मागणं संपलं.

९ जानेवारी

थेरपीवाल्या बाई येऊन गेल्या. तरुण आहेत, पण बोलणं शांत. त्यांनी मला नीट समजावलं. ह्यांचे नुसते शब्द गेलेले नाहीत, स्वतःची सवयच गेली आहे. चहात साखर किती लागते, चष्मा कुठल्या खिशात ठेवतो, टॉवेल कुठल्या खांद्यावर टाकतो, ह्यांना काही माहीत नाही. ते सगळं परत शिकवायचं.

रीत सोपी आहे. सकाळच्या चहानंतर समोर बसायचं. ह्यांच्याबद्दलचं एकच वाक्य, ह्यांच्याच तोंडचं असावं तसं, सावकाश म्हणायचं. ह्यांनी ते तीनदा म्हणायचं. बस्स. त्या दिवशी परीक्षा घ्यायची नाही, कारण शिकलेलं मेंदूत मुरतं ते झोपेत. दुसऱ्या दिवशी आपोआप दिसेल म्हणाल्या. जाताना हसत हसत एक बजावलं, की सांगायचं ते खरं तेवढंच. घरच्यांना भर घालायचा मोह होतो म्हणे.

पहिलं वाक्य मी दिलं: ‘मी चष्मा डाव्या खिशात ठेवतो.’ हे अडखळत, लाळ गाळत तीनदा म्हणाले.

१० जानेवारी

सकाळी चष्मा काढला आणि डाव्या खिशात ठेवला! मी दुसऱ्या कुणाच्या तरी ब्लाउजच्या बाहीला डोळे पुसले. आता तो धुवून द्यावा लागेल.

१६ जानेवारी

रोज एक वाक्य चालू आहे. घास चावून गिळणं, बटण लावणं, माझ्याकडे बघून मान हलवणं, सगळं येऊ लागलंय. दमणूक मात्र विचारू नका. उठवा, पुसा, कूस बदला, चादर बदला, घास भरवा, पुन्हा चादर बदला. मधल्या वेळात मशीनवर बसायचं, तोच हाक. हाक म्हणजे काय, खुर्चीच्या हातावर थाप मारतात. पाठ टेकली की थाप. पूर्वी वजनकाटे दुरुस्त करायचे, दुकानोदुकानी जाऊन. काट्यात केसाएवढा फरक असला तरी सोडायचे नाहीत. तोच काटा घरीही चालायचा. आमटी खारट, इस्त्री वाकडी, मी उशिरा. बोलण्याआधी घसा खाकरायचे, दोनदा आखूड आणि एकदा लांब. ते ऐकलं की मी स्वयंपाकघरातून ओळखायची, आता काहीतरी चुकलंय. मग दोन-दोन दिवस अबोला.

आणि एवढ्या वर्षांत स्वतःचं जेवलेलं ताट एकदाही उचललं नाही. ताटाला हात लागला तर बिघडेल, असं वाटत असावं.

२१ जानेवारी

आज एक आगाऊपणा केला. रात्रभर चादरी बदलल्या होत्या, डोकं भणभणत होतं. सकाळी वाक्य द्यायला बसले आणि तोंडून निघून गेलं: ‘जेवल्यावर मी माझं ताट स्वतः उचलतो.’ हे भोळेपणाने तीनदा म्हणाले.

२२ जानेवारी

उचललं! भिंतीला धरत धरत मोरीपर्यंत नेलं. मी पदरात तोंड खुपसून इतकी हसले की उचकी लागली. एवढ्याने काय होतंय? कुणाचं काय वाईट झालं?

३० जानेवारी

ह्यांची काठीसुद्धा सुटली. थेरपीवाल्या बाई थक्क झाल्या. चाकांची खुर्ची मागच्या खोलीत नेऊन ठेवली.

मी काय काय शिकवलंय ते बाईंना सांगितलेलं नाही. इथे लिहिते. ‘मला कशाचा राग येत नाही.’ ‘तिने केलेलं मला आवडतं.’ आणि माझं सगळ्यांत लाडकं: ‘तू बस, मी करतो.’ अबोला शिकवलाच नाही. खाकरणंही गाळलं. कमरेत घट्ट झालेलं सैल करायचं, जास्तीची लांबी कापून टाकायची, हेच तर मी आयुष्यभर करत आले. माप घेऊन बसल्यावर जुनी चूक तशीच कोण शिवतं?

आज दुपारी चहा करून हातात आणून दिला. मग मला पांघरूण घातलं. कित्येक महिन्यांनी दुपारची झोपले.

५ फेब्रुवारी

नणंद भावाला भेटायला आली होती. दादा चालतोय, बोलतोय बघून आधी रडली, मग पेढे आणायला हवे होते म्हणाली. हे तिच्याशी फार गोड वागले. पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. तासाभराने ती ह्यांच्याकडे निरखून बघू लागली. लहानपणी दोघं सायकलवरून पडले होते ती गोष्ट काढली, तर हे हसून म्हणाले की मला माहीत नाही, तू सांग, मी शिकतो.

फाटकाशी तिने माझा हात धरला. म्हणाली, वहिनी, दादा मला छळल्याशिवाय पाच मिनिटं बसायचा नाही. आज एकदाही चिडवलं नाही गं. आमच्या दादाला कुठे ठेवलंस?

मला संताप आला. चादरी बदलायला कोणी फिरकलं नाही, नावं ठेवायला मात्र सगळे हजर.

९ फेब्रुवारी

आज दुपारची गोष्ट. मी मशीनवर होते. हे स्वयंपाकघरात भांडी घासत होते. मागच्या खोलीतून कोणी तरी खाकरलं. दोनदा आखूड, एकदा लांब.

माझी सुई बोटात गेली असती. उठून बघितलं तर हे साबणात हात घालून उभे. म्हणाले, काही हवंय का? नळाचा आवाज असेल, असं म्हणत मी मागे गेले. खोली रिकामी. खुर्ची होती तिथेच. पण खुर्चीवर मी धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेली चादर पसरलेली होती आणि मधोमध ओली होती.

काय केलं असेल मी? बदलली. हात आपोआप चालले. बदलून झाल्यावर भीती वाटली.

१२ फेब्रुवारी

रोज दुपारी चादर ओली. आज खुर्चीच्या हातावर थापही ऐकली. शेवटी ह्यांना सांगितलं. म्हणाले, तू दमलीस, तू बस, मी बघतो. गेले, आले, हात पुसले. आणि त्याच गोड आवाजात म्हणाले की मागच्या खोलीत एक माणूस आहे. आजारी आहे. त्याला काही येत नाही.

मग विचारलं, चहात आलं घालू का.

१३ फेब्रुवारी

मी मागे गेले. बघितलं.

हेच आहेत. खुर्चीत बसलेले, अंगात हॉस्पिटलचा शर्ट, तोंड एका बाजूला गेलेलं, गालांची हाडं वर आलेली. इकडे मधल्या खोलीत हे शिवायला आलेल्या पँटींच्या घड्या घालत होते आणि तिकडेही हेच. भर दुपारी, दोघेही.

पण खरं लिहायचं तर पहिला विचार भीतीचा नव्हता. पहिला विचार आला: म्हणजे आता पुन्हा पहिल्यापासून?

त्यांनी खुर्चीवर थाप मारली. भूक लागली होती. मी दुधात पाव कुस्करून आणला आणि मान वळवून भरवला. ओठ गार लागत होते. दूध तोंडातून ओघळलं, मी पुसलं.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला असं होतं, काही दिवस मदतीला कोणी ठेवा, झोप घ्या.

१५ फेब्रुवारी

मागच्यांनी आज चमचा फेकला. दुधात साखर कमी होती. डोळे असे वटारले की मी एकदम ओळखलं. हा तोच राग. मी पुढच्यांना शिकवलाच नाही तो. खाकरणं तेच, हट्ट तोच, आजारपणही तेच. जे जे मी कापून टाकलं ते ते कुठे गेलंच नाही. इथे मागे येऊन बसलं. मी एका माणसाचे दोन केले.

म्हणजे मग माझे खरे कोण? मला नुसता मदतनीस नको होता हो. माझा नवरा बरा व्हायला हवा होता.

सकाळी एक वाक्य देऊन बघितलं, खरं: ‘बोलण्याआधी मी घसा खाकरतो.’ पुढच्यांनी तीनदा म्हटलं.

१६ फेब्रुवारी

जमतंय! आज पुढचे चहा मागण्याआधी खाकरले. आणि मागच्या खोलीतलं खाकरणं बंद झालं. म्हणजे तिकडचं इकडे आलं. एकेक खरं वाक्य देत गेलं तर सगळं ह्यांच्यात परत येईल. दोघे एकच होतील. जीव भांड्यात पडला.

उद्या द्यायचं वाक्य ठरलंय: ‘मला राग येतो.’

१७ फेब्रुवारी

नाही दिलं. दोघांचं करता करता सकाळ गेली. उद्या.

१८ फेब्रुवारी

आजही नाही. वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. पुढचे समोर बसलेले, हसरे, माझ्या पायाला तेल चोळत. माझे पाय एवढ्या वर्षांत कुणी चोळले नव्हते. एकदा का राग दिला की उद्या हे नाही. मग अबोला द्यायचा. मग खारट आमटी. मग ताट तिथेच. एकेक भांडण मी माझ्या हाताने परत आणायचं, आणि ते सगळं येईपर्यंत मागे चादरी बदलायच्या.

मी दमले आहे. इतकी की रडायलाही बसवत नाही.

१९ फेब्रुवारी

पहाटेपासून थाप. थाप. थाप. चार वेळा उठले. मागच्यांनी दूध सांडलं, शिवायला आलेल्या कपड्यावर. मला बघून पुन्हा डोळे वटारले.

चहानंतर समोर बसले. राग द्यायचा होता. मी म्हटलं: ‘मागच्या खोलीतला माणूस आम्हाला नको.’

हे तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा अगदी स्पष्ट.

म्हणून टाकलं. झालं. दिवसभर हलकं वाटलं. मागच्यांना संध्याकाळी नीट भरवलं, तोंड पुसलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. मी काढून घेतला.

२० फेब्रुवारी, दुपार

पुढच्यांनी ताट उचललं. धुतलं. हात पुसले. पलंगावरची उशी घेतली. मला वाटलं मला देतील. तू बस म्हणाले आणि मागच्या खोलीत गेले. आतून कडी.

मी धावले. दार ढकललं. आतून थापा — खुर्चीच्या हातावर — जोरात —

मी ओरडले, नको, तसं नाही, सोडा त्यांना. आतून पुढच्यांचा आवाज, गोड. म्हणाले, हे नवीन वाक्य आहे का? मी म्हटलं हो, हो, म्हणा: ‘मी त्याला सोडतो.’ त्यांनी म्हटलं. तीनदा, सावकाश, नीट. मग म्हणाले, छान. आता उद्या.

उद्या! झोपल्याशिवाय ह्यांना काही येत नाही. मीच शिकवलं — मीच —

मग दुसरा आवाज. माझ्या ह्यांचा. एवढ्या दिवसांत एक शब्द बोलले नव्हते. घोगरा, चिडका, दबलेला.

जेवलीस का?

एवढंच. अबोला असला तरी हे एक विचारायचे. भिंतीकडे तोंड करून, रागातच, पण विचारायचे. मी उत्तर दिल्याशिवाय घास घ्यायचे नाहीत. मी हे कसं विसरले? हे वाक्य मी शिकवलंच नाही. मला सुचलंच नाही. मी सांगितलं, दाराला तोंड लावून सांगितलं, नाही जेवले, तुम्ही बाहेर या, मग जेवू —

थापा हळू झाल्या. मग

२० फेब्रुवारी, संध्याकाळ

कडी उघडली. खुर्ची रिकामी आहे. चादर कोरडी आहे.

नणंदेला फोन केला. काय बोलले आठवत नाही. ती उद्या सकाळी येते म्हणाली. उद्या सकाळी.

मी रडत होते. पुढचे माझ्याजवळ बसले. खाकरले. म्हणाले, तुला त्रास होतोय, आता मी तुला शिकवतो. माझे दोन्ही हात धरले. रागावले नाहीत. ह्यांना राग येतच नाही. मी म्हणेपर्यंत हात सोडले नाहीत. म्हटलं मी. सुटण्यासाठी म्हटलं. तीनदा.

‘मागच्या खोलीत कोणी नव्हतं.’

छान म्हणाले. दूध गरम करायला गेलेत.

झोपायचं नाही. झोपलं की मुरतं. म्हणून लिहीत बसलेय. लिहीत राहायचं. हात थांबू द्यायचा नाही —

डुलकी लागली होती. मशीनवर डोकं टेकून, जरा वेळ. जाग आली तर वाटलं, ती चाकांची खुर्ची मागे उगीच कशाला ठेवलीय, देऊन टाकावी कुणाला तरी. मग वरचं पान वाचलं.

वाचलं आणि पुन्हा आठवलं. सगळं नाही. आवाज कसा होता? घोगरा. घोगरा लिहिलंय मी.

मागच्या खोलीत हे होते. माझे हे. मला विचारलं, जेवलीस का. मागच्या खोलीत माझे हे होते. मागच्या खोलीत माझे हे होते. डोळे मिटतायत — पांघरूण घातलं कोणीतरी, ऊब — वही घेतायत हळूच, नाही, थांबा, एवढं वाक्य पुरं — मागच्या खोलीत माझे — मागच्या खोलीत कोणी